उजेड हवा, ऊन नको

तुळशीच्या कुंडीत काचेचा वीतभर तुकडा उभा रुतला होता. सुरीसारखं टोक मातीत, वरची धार उघडी. आई तुळशीला पाणी घालून आत आल्या आणि वळवाचं वारं सुटलं. वरच्या बाल्कनीची झडप आपटली, महिनाभर आधीच तडा गेलेलं तावदान निखळलं आणि निम्मं खाली अंगणात आलं. मी पळत बाहेर गेले तर फरशीवर सगळीकडे काचा होत्या, पण माझी नजर खिळली ती कुंडीतल्या त्या तुकड्यावर. दोन मिनिटांपूर्वी आई तिथंच वाकून उभ्या होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६. मागच्या वर्षी आम्ही जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर त्यांच्यासाठी काचेची खोली बांधली. लोक ती बघायला येतात तेव्हा रंग, पडदे, फरशी विचारतात. मला मात्र काचेबद्दलच सांगावंसं वाटतं, आणि ते सांगायचं तर त्या तुकड्यापासूनच सांगावं लागतं.

बाल्कनीची ती काच ५ एमएमची, तपकिरी, साधी होती. एप्रिलमध्ये एका दुपारी तिला आपोआप तडा गेला. ज्यानं काम केलं होतं त्याला फोन केला, तर 'कुणीतरी दगड मारला असंल' म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. पण दगड लागला तर लागलेल्या जागेपासून चहूकडे भेगा फुटतात. ही चीर चौकटीच्या कडेपासून निघाली होती. कडेशी सरळ काटकोनात, पुढं नदीसारखी वळत गेलेली. गडद काच ऊन पिते. मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीच्या पट्टीखाली झाकलेली कड त्या मानानं थंड राहते, आणि मधला भाग कडेला ताणतो. कापताना कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर तिथूनच काच उकलते. त्यावर आम्ही हौसेनं आतून फिल्म चिकटवली होती, म्हणजे काचेतली उष्णता आणखी वाढवली होती. हे सगळं मला नंतर कळलं. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रसरण दरवर्षी शिकवते. घरातल्या खिडकीत ते कधी दिसलं नव्हतं.

खोली हवी होती दोन कारणांसाठी. आईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. वाकळ शिवणं हा त्यांचा जन्माचा छंद. जुन्या इरकली साड्या, घरातल्या फाटक्या चादरी, सगळ्याचं त्या सोनं करतात. खालच्या खोल्यांमध्ये दुपारी चारलाही त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं. दुसरं कारण थंडीचं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळी त्यांचे गुडघे आखडतात, तेव्हा त्यांना पाठीवर ऊन हवं असतं.

माझ्या डोक्यात होती ती फोटोत बघितलेली सनरूम. तिन्ही बाजूंना काच, वरही काच, मध्ये वेताची खुर्ची. ते फोटो जिथले असतात तिथं थंडीत महिनोन्महिने धड ऊन मिळत नाही. उन्हाचा प्रत्येक कण घरात ओढून घ्यायचा आणि कोंडून ठेवायचा यासाठी ती खोली जन्माला आली. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी रस्ते ओस पडतात, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढं जातो. त्या फोटोतली खोली इथं जशीच्या तशी बांधली असती तर आईंना मी भट्टीत बसवलं असतं. हे सुरुवातीलाच ध्यानात आलं असतं तर दोन महिने वाचले असते.

काचकामाला जो मुलगा मिळाला तो माझाच जुना विद्यार्थी. होटगी रोडला त्याचं अॅल्युमिनियम फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. आला, मापं घेतली आणि म्हणाला, "बाई, काळी काच घ्या की ओ. आपल्याकडं सगळे काळीच घेतेत. गार राहतंय बघा."

काळी म्हणजे गार. दुकानात जा, शेजारी विचारा, हेच ऐकू येतं. यात खोट एवढीच की काळी काच आधी उजेड खाते आणि मग खाल्लेल्या उन्हातलं बरंचसं स्वतः तापून आत सोडते. आईंना तर उजेडच हवा होता.

मी त्याला म्हटलं, नमुने आण, आपण बघू. त्यानं तीन आणले, प्रत्येकी फूटभर: साधी ६ एमएम, गडद करडी ६ एमएम, आणि पुण्याहून मागवलेला एक दुहेरी काचेचा तुकडा (दोन काचा, मध्ये बंद पोकळी), ज्याला तो 'डीजीयू लो-ई' म्हणत होता. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तीन तापमापी आणल्या. बुटांची तीन खोकी आतून काळ्या कागदानं मढवली, तापमापीच्या फुग्यावर थेट ऊन पडू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा आडोसा केला, वर काचा ठेवून कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, आणि दुपारी दोनला गच्चीवर ठेवली. सावलीत तेव्हा ४१ होतं. अर्ध्या तासानं साध्या काचेखाली ६७, काळीखाली ५९, दुहेरीखाली ५१. हा घरचा प्रयोग, आकडे घरापुरतेच. पण काळ्या काचेला वरून बोट लावलं तर तव्यावरून ओढावं तसं मागं घ्यावं लागलं. दुहेरी काचेची आतली बाजू मी उलट्या हातानं चाचपली, ती नुसती कोमट होती.

मग खरी परीक्षा आईंनी घेतली. संध्याकाळी पाचला त्या दारात बसल्या, आम्ही एकेक नमुना त्यांच्यासमोर उजेडाच्या बाजूला धरला आणि त्या सुईत दोरा ओवू लागल्या. साध्या काचेआड पहिल्या फटक्यात. दुहेरीआड दुसऱ्यांदा. काळ्या काचेआड तीनदा प्रयत्न केला, मग सुई मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्याच्यात संध्याकाळच झालीय बाई." काळी काच तिथंच बाद झाली.

हे कसं होतं, ते मुलांना सांगते तसं सांगते. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून थोडा कमी भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो. निम्म्याच्या आसपास भाग अवरक्त, म्हणजे न दिसणारा, पण अंगाला भाजणारा. थोडा अतिनील. लो-ई काचेवर चांदीचा इतका पातळ थर बसवलेला असतो की डोळ्याला काच जवळजवळ स्वच्छच दिसते. तो थर दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी आत सोडतो आणि अवरक्त किरण परत फिरवतो. साध्या काचेत असं काही होत नाही. ती ऊन आत घेते, आतल्या वस्तू तापतात, आणि त्या तापलेल्या वस्तूंकडून निघणारी लांब लहरींची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत दुपारी बसून बघा.

म्हणून काच घेताना रंग विचारण्यात अर्थ नाही. तीन आकडे विचारायचे, आणि दुकानदाराला ते माहीत नसतील तर कंपनीचं तांत्रिक पत्रक मागायचं. पहिला व्हीएलटी, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशातला किती टक्के आत येतो. दुसरा एसएचजीसी: काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेतला किती हिस्सा खोलीत शिरतो, शून्य ते एक. तिसरा यू-व्हॅल्यू: ऊन नसतानाही बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता काचेतून किती वेगानं आत येते. साध्या ६ एमएम काचेचा एसएचजीसी ०.८२च्या जवळपास आणि यू-व्हॅल्यू ५.७च्या आसपास. आम्ही शेवटी निवडलेल्या काचेचे आकडे व्हीएलटी ५०, एसएचजीसी ०.२७, यू-व्हॅल्यू १.६ असे आहेत. ०.२७ हा आकडा मी मनानं धरला नव्हता. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७च्या आवृत्तीत आपल्यासारख्या उष्ण-कोरड्या हवामानातल्या व्यावसायिक इमारतींच्या खिडक्यांना, उत्तरेकडच्या सोडून, हीच कमाल मर्यादा आहे. घराला ती लागू नाही, पण मोजायला एक काठी मिळाली.

पहिल्या दुकानात मी एसएचजीसी विचारल्यावर 'बाई, कंपनीची काच आहे, काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी पत्रक मिळालं, काच तिथूनच घेतली. माझ्या विद्यार्थ्यानं ते पत्रक स्वतःजवळ झेरॉक्स करून ठेवलं, याचा मला फार आनंद झाला.

छताचं मात्र माझ्या मनातून जात नव्हतं. वर काच, रात्री चांदण्या दिसतील, आईंना आवडेल. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात आर्किटेक्ट आहे. त्याला नकाशा पाठवला. त्यानं फोनवर सरळ हिशेबच मांडला. "मामी, खोली बारा बाय दहा. म्हणजे छत साधारण ११ चौरस मीटर. मे महिन्यातल्या भर दुपारी सपाट छतावर चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास ऊन पडतं. साधी काच टाकलीस तर साडेआठ किलोवॅट आत येणार. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे नुसत्या छतासाठी अडीच टन." मी म्हटलं, मग लो-ई टाकू. तर म्हणाला, "तरी पावणेतीन किलोवॅट. तीन शेगड्या डोक्यावर पेटवून आजी वाकळ शिवणार का?"

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी वर्गात दरवर्षी शिकवते आणि तरी घराला कधी लावलं नव्हतं. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो, आपली सावली आपल्या पायाखाली नाहीशी होते. मुलांना मैदानात नेऊन काठी उभी करून मी ते दाखवते. तिथून जुलै संपेपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त भाजतं छत. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत मध्यान्हीचं ऊन पडतच नाही. पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, कारण ते चार ते सहा आडवं येतं, छज्जा कितीही काढा, त्याच्या खालून आत शिरतं, तेही सगळं घर तापून बसल्यावर.

त्या एका फोननं नकाशा बदलला. छत भरीव, इन्सुलेशन असलेल्या पॅनेलचं. पश्चिमेला नऊ इंची विटेची भिंत, एकही खिडकी नाही. उत्तरेला घर. काच फक्त दक्षिणेला आणि पूर्वेला, तीही तीन फुटी कठड्याच्या वर चार फूट उंच. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा. डिसेंबरमध्ये भरदुपारी सूर्य साधारण ४९ अंशांवर असतो, तेव्हा त्या छज्जाखालून ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येतं आणि खिडकीपासून अडीच फुटांच्या पुढं जमिनीला टेकतं. हे आम्ही आधी कागदावर काढलं आणि आईंची बाज बरोबर तिथं ठेवायची ठरवलं. काच निम्म्याहून कमी झाली, तेव्हा कुठं चांगली काच परवडू लागली. आम्हाला मिळालेल्या भावात लो-ई दुहेरी काच साध्या काचेच्या पाचपट होती. सगळीकडे साधी लावण्यापेक्षा थोडीच आणि चांगली लावणं मला पटलं.

आता त्या कुंडीतल्या तुकड्याकडे येते. उष्णतेइतकीच किंवा थोडी जास्तच मला धास्ती होती काच फुटण्याची.

विद्यार्थ्याच्या दुकानामागं टाकाऊ काचांचा ढीग असतो. त्यानं मला तीन प्रकार फोडून दाखवले. जाड गोणपाट टाकलं, डोळ्यांना चष्मा लावायला दिला. साध्या काचेच्या मधोमध हातोडी घातली, तर तेच लांब, तीन-कोनी, पात्यासारखे तुकडे. दुसरी टफन. तिच्या मधोमध त्यानं हातोडीनं मारलं, काही झालं नाही. मग कोपऱ्यावर पंचाचं टोक टेकवून हलकेच ठोकलं आणि सबंध काच एका क्षणात खडीसाखरेसारखी झाली. मी मूठभर दाणे उचलले. टोचतात, पण चिरत नाहीत. टफन काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला मागून आवळू बघतो, त्यामुळं पृष्ठभाग कायमचा दाबात आणि गाभा ताणात राहतो. म्हणून ती साध्यापेक्षा चार-पाच पट सोसते, आणि एकदा तो ताण सुटला की सगळीच्या सगळी फुटते. टफन केल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही.

तिसरी लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. त्यानं चार घाव घातले. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी भेगाळली, पण एक तुकडा खाली पडला नाही. त्यानं ती उचलून उभी केली, तशीच उभी राहिली. फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ साली एक चंबू खाली पडला, आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यामुळं तो फुटूनही विखुरला नाही, आणि तिथून ही कल्पना निघाली. गाड्यांच्या पुढच्या काचा आजही अशाच असतात. मी त्या भेगाळलेल्या काचेवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, अंगणाच्या बाजूला हीच.

पूर्वेची खिडकी अंगणावर येते, खाली तुळस. तिथं बाहेरची काच लॅमिनेटेड घेतली. तिचे दोन्ही थर उष्णता देऊन बळकट केलेले, म्हणजे उन्हानं तडकण्याचा जुना प्रसंग पुन्हा नको. दक्षिणेची खिडकी उरलेल्या गच्चीवर उघडते, तिथं दोन्ही काचा टफन चालतील असं ठरलं. टफन काचेत क्वचित निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहतो आणि महिन्यांनी, वर्षांनी काच विनाकारण फुटते. त्यावर उपाय म्हणजे हीट सोक: कारखान्यातच काच पुन्हा भट्टीत काही तास तापवून ठेवायची, फुटायची ती तिथंच फुटू द्यायची. आम्ही ते मागितलं, ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतलं. प्रत्येक टफन काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाची न पुसणारी खूण असली पाहिजे, हेही लिहून घेतलं.

छतावर काच नको म्हणता म्हणता एक छोटी पट्टी राहिलीच. पश्चिमेला भिंत आल्यानं वायव्येचा कोपरा अंधारा होणार होता, आणि आईंची शिवणाची पेटी तिथं. चार फूट बाय दीड फूट. डोक्यावरच्या काचेला नियम एकच: खालची काच लॅमिनेटेडच हवी, मग वर काहीही होवो. टफन काच डोक्यावर फुटली तर दाणे सुटे पडत नाहीत, ढेकळंच्या ढेकळं पडतात. वरची काच टफन ठेवली, गारांसाठी. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्या जिल्ह्यातल्या कुणी विसरलेलं नाही.

पॉलिकार्बोनेटचाही विचार केला होता. ओरखडे पडतात, वर्षांनी पिवळं पडतं. सोडून दिलं.

मापांच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता, कारण टफन आणि दुहेरी काच एकदा आली की सूतभरही कमी-जास्त होत नाही. विद्यार्थ्यानं गवंड्याच्या चौकटीवर भरवसा ठेवला नाही. ओळंबा सोडला, मग टेप लावून दोन्ही कर्ण मोजले. पूर्वेची चौकट पाच सूत गुण्यात नव्हती. गवंडी म्हणाला, सिलिकॉननं भरून जाईल. पोरगा म्हणाला, "नाही मामा, हितं काच टेकंल आणि कोपऱ्यावर ताण येतंय." त्यानं चौकट काढून पुन्हा बसवायला लावली, मगच मापं पाठवली. त्या दिवशी त्याची शिक्षिका असल्याचा मला अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी टेम्पोनं पुण्याहून माल आला. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. तीन बाय चार फुटांचं दुहेरी काचेचं एक युनिट तेहतीस किलोंच्या घरात. चौघांनी पट्टे लावून वर नेलं. त्यामुळंच बिजागऱ्या आधी ठरलेल्या हलक्या न घेता जड घ्याव्या लागल्या होत्या.

बसवण्याआधी एक तपासणी करायची होती. चांदीचा थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे ऊन तिथूनच परत फिरतं. बाहेरून मोजायला लागलं की चार पृष्ठभाग, त्यातला दुसरा. डोळ्यांनी ते कळत नाही. भाच्यानं युक्ती सांगितली होती. दिवेलागणीला युनिट भिंतीला उभं केलं आणि आतल्या बाजूनं समोर ज्योत धरायची होती. लायटर वाऱ्यानं विझायला लागला, तेव्हा आईंनी देवघरातलं निरांजन आणून हातात दिलं. काचेत चार ज्योती दिसल्या, एकामागे एक. तीन पिवळ्या आणि एक निराळी, तांबूस-जांभळी. आतून पाहताना निराळी ज्योत तिसरी असायला हवी. पहिल्या तीन युनिटांत तिसरीच होती. चौथ्यात दुसरी. मी पुन्हा बघितलं, पोरानं बघितलं, आईंनीही चष्मा लावून बघितलं. 'ही बाजू बाहेर' असा छापील कागद कारखान्यातच उलट बाजूला चिकटवला गेला होता. ते दक्षिणेचं युनिट होतं, दोन्ही काचा सारख्याच, म्हणून फिरवून बसवलं आणि काम भागलं. कागदावर विसंबून बसवलं असतं तर ते एक तावदान बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असतं आणि का, ते आम्हाला कधीच कळलं नसतं.

पेंटर आणि प्लास्टरवाले नंतर आले. सिमेंटचं पाणी काचेवर वाळलं की डाग कायमचा बसतो, काच खाऊन टाकतं ते. सगळ्या खिडक्यांवर घरातल्या जुन्या चादरी टांगल्या आणि दररोज संध्याकाळी बघत राहिले. फरशी पुसायचं अॅसिड काचेजवळ येऊ दिलं नाही. आपल्याकडच्या पाण्यात क्षार, त्यामुळं आताही काचेवर पाणी मारत नाही. ओल्या टॉवेलनं पुसायचं, लगेच कोरड्यानं.

एका गोष्टीत मी साफ चुकले होते, आणि ती आमच्या डॉक्टरांनी लक्षात आणून दिली. मी त्यांना कौतुकानं सांगितलं की आता आईंना घरबसल्या ऊन मिळेल, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघेल. ते म्हणाले, काचेतून नाही निघणार. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते यूव्ही-बी किरणांनी, आणि साधी काचसुद्धा ते अडवते. लॅमिनेटेड तर अतिनील जवळपास सगळंच. मी खिन्न झाले खरी. पण दक्षिणेच्या चार झडपांपैकी दोन उघडणाऱ्या होत्या, त्या हवेसाठी ठेवल्या होत्या. आता हिवाळ्यात दहाच्या सुमारास त्यातली एक सताड उघडतो आणि आई बाजेवर उन्हाकडे पाठ करून, पाय उघडे टाकून वीस-पंचवीस मिनिटं बसतात. खरं ऊन, काचेविना. काचेचं एसएचजीसी कमी असल्यानं हिवाळ्यात ऊब कमी मिळेल ही माझी शंकाही त्याच झडपेनं मिटवली.

उन्हाळ्यात ती खोली थंड असते असं मी म्हणणार नाही. मेमध्ये दुपारी एक ते पाच आई खालीच असतात. पण सकाळी साडेअकरापर्यंत नुसत्या पंख्यावर बसवतं, आणि संध्याकाळी सहाला झडपा उघडल्या की अर्ध्या तासात कोंदलेपणा जातो. मेमधल्या एका दुपारी मी मुद्दाम तीनला वर जाऊन बसले. बाहेर ४२, आत ३७. काचेला पाठ टेकवली, झळ लागली नाही.

आईंची पहिली वाकळ तिथं मार्चमध्ये पुरी झाली. इरकलीचे काठ चारी बाजूंनी, मध्ये माझ्या जुन्या सुती साडीचे चौकोन. टाके इतके सारखे आहेत की दोन वर्षांपूर्वीच्या वाकळेशेजारी ठेवल्यावर फरक चटकन दिसतो.

गेल्या वळवात दक्षिणेच्या दुसऱ्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यातून थोडं पाणी आत आलं. काचांच्या मध्ये धुकं नाही, म्हणजे युनिटचं सील शाबूत आहे. चौकटीचं रबरी गॅस्केट कोपऱ्यात आखडलंय. पोरगा रविवारी येतो म्हणालाय, नवीन गॅस्केट घेऊन.